मदत हवी आहे: एक्सएमएलमधून येताना केळीचे वजन शून्य का होते?

राम राम मंडळी. मी रावेरचा. एका केळी व्यापाऱ्याचे हिशेबाचे वेब अ‍ॅप सांभाळतो. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, लिहिलेलेही मीच. शेजारच्या तालुक्यातल्या पॅकहाऊसचे अ‍ॅप मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आहे. तिकडे दिवसभर काट्यावर झालेल्या पावत्यांची एक्सएमएल फाइल (टॅग लावून माहिती ठेवलेली मजकूर फाइल) संध्याकाळी आमच्याकडे येते, त्यावर भाव आणि फरक लावून आम्ही शेतकऱ्याचे पेमेंट काढतो.

पहिल्याच दिवशी एरर आली: ‘डॉक्युमेंट लेबल्ड यूटीएफ-१६ बट हॅज यूटीएफ-८ कंटेंट’ (यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवायच्या दोन पद्धती). मी जुगाड केला. फाइल आली की पहिल्या ओळीतल्या १६ चे ८ करायचे आणि मग पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडला, द्यायची. चालू झाले. (हसू नका, कटाई जोरात होती.)

खरा घोळ पुढे. मागच्या आठवड्यात एक काका पावती घेऊन गादीवर आले. पावतीवर ४२.६० क्विंटल, आमच्या खात्यात शून्य. ना एरर, ना वॉर्निंग. शोधले तर अशा ११ पावत्या निघाल्या, बाकी सगळ्या बरोबर. फाइल उघडली तर वजन जागच्या जागी:

<पावती>
  <शेतकरी>(नाव काढले आहे)</शेतकरी>
  <माल>नवती</माल>
  <वजन>४२.६०</वजन>
</पावती>

मी वजन वाचून सरळ फ्लोटमध्ये कास्ट करतो (मजकुराची दशांश संख्या करतो), बाकी काही नाही. टॅग मराठीत आहेत म्हणून होत असेल का? एक्सएमएल सोडून जेसन या दुसऱ्या फॉरमॅटवर जावे का? शेठ म्हणतात, काटा बरोबर आहे, तुझा कॉम्प्युटरच केळी खातो. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – तापीकाठ

टॅगला दोष देऊ नका. १९९८ मध्ये एक्सएमएल १.० आले तेव्हापासून देवनागरी टॅग चालतात, आणि तसे नसते तर तुमच्या सगळ्याच पावत्या आडव्या झाल्या असत्या.

भाऊ, तुम्ही चिकटवलेले वजन पुन्हा बघा. आकडे देवनागरी आहेत. चालणाऱ्या पावत्यांत इंग्रजी असणार, पैज. माणसाला दोन्ही सारखेच, पण पीएचपीला ‘४२.६०’ म्हणजे नुसता मजकूर. फ्लोटमध्ये कास्ट केले की गुपचूप शून्य. एक्सएमएल स्किमाच्या (फाइलमध्ये कुठे काय चालेल याच्या नियमांच्या) डेसिमल, म्हणजे दशांश संख्येच्या, प्रकारातही फक्त इंग्रजी आकडे चालतात.

आता गंमत. डॉटनेटचा सिरियलायझर (डेटाचे एक्सएमएल करणारा भाग) डेसिमल लिहिताना मशीनवर कोणती भाषा निवडली आहे ते बघतच नाही, नेहमी इंग्रजी आकडे आणि टिंबच लिहितो. म्हणजे त्यांच्या क्लासमध्ये वजन डेसिमल नाही, स्ट्रिंग (नुसता मजकूर) आहे. कोणीतरी छपाईसाठी मराठी केलेली स्ट्रिंग तशीच फाइलमध्ये पाठवतोय. त्यांना तेवढे एकच विचारा. आणि जेसनवर गेलात तरी स्ट्रिंग ती स्ट्रिंगच, रोग सोबत येईल.

प्रतिसाद – भुसावळ आऊटर

१६ आणि ८ चे सांगतो. डॉटनेटमधली स्ट्रिंग मेमरीत यूटीएफ-१६ असते. सिरियलायझरने स्ट्रिंगरायटरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या स्ट्रिंगमध्ये, लिहिले की पहिल्या ओळीत तेच येते. पुढे पाठवताना मात्र बाइट यूटीएफ-८ चे होतात. गोणीवर चिठ्ठी एक, आत माल दुसरा. मधली स्ट्रिंग काढून यूटीएफ-८ सांगितलेल्या स्ट्रीममध्ये (बाइटच्या प्रवाहात) सरळ लिहायला लावा.

तुमच्या बाजूला कास्ट करण्याआधी स्किमा लावून फाइल तपासा. पीएचपीच्या डॉम लायब्ररीत सोय आहे. वजनाच्या जागी डेसिमल नसेल तर फाइल परत. शून्य पेमेंटपेक्षा बंद पडलेली फाइल परवडली.

धागाकर्ता

पैज जिंकलात. पॅकहाऊसच्या पोराला फोन केला. काही शेतकऱ्यांना पावती मराठीत हवी होती, म्हणून त्याने त्यांच्यापुरते आकडे बदलले, आणि त्यासाठी वजनाचे खाणे (फील्ड) स्ट्रिंग केले. काकांची पावती त्यातलीच. आता त्याने वजन डेसिमल केलेय आणि मराठी आकडे फक्त छापताना होतात. स्ट्रीमचेही पटले त्याला, माझा जुगाड काढला.

जुन्या ११ पावत्यांसाठी मी दहा आकड्यांची अदलाबदल करणारी एक ओळ लिहून फाइली पुन्हा चालवल्या. त्यात नवीनच निघाले: रविवारी एकच पावती होती, त्या फाइलवर लूप बिघडतो. मी एक्सएमएलचे आधी जेसन आणि मग अ‍ॅरे (यादी) करतो, नेटवर तसेच मिळाले होते.

प्रतिसाद – तापीकाठ

तेच कारण. एकच पावती असली की त्या उलटापालटीत यादी उरत नाही, पावतीच थेट हाती येते आणि लूप तिच्या खाण्यांवर फिरतो. पीएचपीच्या सिंपलएक्सएमएल लायब्ररीने दिलेल्या ऑब्जेक्टवरच लूप लावा, एक असो की शंभर. आणि काकांचे पेमेंट आधी करा.

धागाकर्ता

काकांचे काल संध्याकाळीच गेले. फरकासकट.