मदत हवी आहे: स्वस्त बेस कुठे मार खातोय, तारांत की पिकअपमध्ये?

मंडळी, माझ्याकडे बजेटमधला, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा बेस (बेस गिटार) आहे, चार वर्षं वाजवतोय. परवा मित्राचा अमेरिकन फेंडर प्रिसिजन त्याच अँपवर, नॉबला हात न लावता वाजवला आणि झोपच उडाली. दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, पिकअपही (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) त्याच धाटणीचा, १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा. तरी त्याच्या ई तारेचा स्वर गोल, भरीव. माझा नुसता गुरगुरतो. बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तर पत्र्याचा डबा!

पण त्याच्यावर जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आहेत, माझ्यावर नव्याकोऱ्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या). म्हणजे तुलनाच लंगडी, कळतंय मला. प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमर्सनसुद्धा फ्लॅटवाउंडच वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. शिवाय माझ्या पिकअपचं चुंबक सिरॅमिक, त्याचं अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं). (बेसच्या लाकडाने आवाज बदलतो का, यावरून कृपया भांडू नका, ते मागच्या वेळी झालंय.)

खिशात जेमतेम दहा हजार आहेत. आधी फ्लॅटवाउंड लावून, ब्रिजवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आणि तारांची उंची नीट करून घेऊ, की सरळ अल्निको पिकअप टाकू? पिकअप बदलताना २५० केचे (किलोओहमचे) पॉटही, म्हणजे नॉबखालचे रोधकही, बदलावे लागतात का? आणि खरं सांगा, ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्यावर हा फरक ऐकणाऱ्याला कळतो का, की फक्त आपल्यालाच छळतो? ज्यांनी दोन्ही बेसवर एकाच तारा लावून रेकॉर्ड केलंय, त्यांनी तर नक्की लिहा.