आमचा गोल मारणारा गोव्याला गेला, त्याची जागा कशी भरू?

वेंगुर्ल्याचा कोच

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. नोकरी काजूच्या कारखान्यात, पाचला सुटलो की ग्राउंडवर. भातकापणी झाली की आम्हाला एक मळा मिळतो. पोरं धसकटं उपटतात, बांधाकडची बाजू कुदळीने सारखी करतात, पाणी भरलेलं पिंप लोळवून जमीन बसवतात आणि मग मे महिन्यापर्यंत तेच आमचं स्टेडियम. कापणीपर्यंत समुद्रावर, ओहोटीची वेळ बघून.

आमचा सेंटर फॉरवर्ड, वय १९, गोव्यातल्या एका क्लबने गेल्या महिन्यात नेला. पणजीच्या गाडीत त्याला मीच बसवून दिलं. त्याचं भलं होवो. वाईट एवढंच वाटलं की सात वर्षं ज्यांनी त्याला शिकवलं त्यांना त्या क्लबकडून साधा फोनसुद्धा आला नाही.

गेल्या मोसमात आमचे २७ गोल झाले, त्यातले १३ त्याचे. वहीत तारखेनिशी लिहिलेत. जानेवारीत स्पर्धा आहे आणि पोरं रोज विचारतात, "सर, आता नऊ नंबर कोणाला?" माझ्याकडे दोघे आहेत. एक उंच, डोक्याने चांगला, पण पळायला जड. दुसरा १६ वर्षांचा, डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळतो, पण गोलासमोर गेला की गडबडतो.

मी बरीच वर्षं इंग्लंडमधला लिव्हरपूल क्लब बघतोय. २०१३-१४ ला सुआरेझने लीगमध्ये ३१ गोल मारले, संघाचे १०१ झाले, आपण दुसरे आलो. तो बार्सिलोनाला गेला आणि पुढच्या मोसमात संघाचे गोल झाले ५२, नंबर सहावा. दुसरा स्ट्रायकर स्टरिज दुखापतीत होता हे खरं, पण त्या उन्हाळ्यात आणलेल्या बालोटेलीने अख्ख्या लीगमध्ये एकच गोल केला. मला तीच धास्ती आहे. मग तोच क्लब २०१८ ला आपल्या मिडफिल्डर कुटिन्होला बार्सिलोनाला विकतो आणि पुढच्याच वर्षी युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकतो. मधल्या चार वर्षांत काय बदललं, कोणी नीट समजावून सांगेल का?

मोती तलाव

सर, मी सावंतवाडीचा. माझ्या मते २०१४ ला लिव्हरपूल "सुआरेझच्या जागी कोण?" याच्या मागे लागलं आणि २०१८ ला त्यांनी "आपण हरतो कशामुळे?" ते शोधलं. कुटिन्हो जानेवारी २०१८ ला गेला. त्याच महिन्यात साडेसात कोटी पौंड मोजून आणला तो व्हॅन डाइक, म्हणजे बचावपटू! मग मे महिन्यात कीव्हला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये गोलकीपरच्या चुका भोवल्या, तेव्हा अ‍ॅलिसनला आणलं. कुटिन्होसारखा खेळणारा कोणी आणलाच नाही. पुढे सालाह, माने, फिर्मिनो गोल मारतच होते. ७ मे २०१९ ला स्वतःच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोनाला ४-० हरवलं तेव्हा कुटिन्हो समोरच्या संघात होता, हे तुम्हाला सांगायला नको.

उलट टोक म्हणजे टॉटनहॅम. २०१३ ला त्यांचा गॅरेथ बेल रिअल माद्रिदला गेला, आदल्या मोसमात त्याचे लीगमध्ये २१ गोल. आलेल्या पैशांत सात जण घेतले. सोल्डाडो, पॉलिन्यो, लामेला, एरिक्सन वगैरे. सात नवीन माणसं एकदम एका ड्रेसिंग रूममध्ये! सोल्डाडोचे लीगमध्ये ६ गोल झाले, डिसेंबरात मॅनेजर गेला. त्या सातांत सगळ्यात जास्त कामाला आला तो एरिक्सन, आणि तो काही त्यांतला महागडा नव्हता.

पण तुम्ही अभ्यास करायचा तर ब्रेंटफर्डचा करा. छोटा क्लब, तेव्हा इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीत. २०१९ ला त्यांचा मोपे ब्रायटनने नेला, आदल्या मोसमात २५ गोल मारलेला. त्यांनी बाहेर शोधाशोध न करता विंगला खेळणाऱ्या वॉटकिन्सला मध्ये आणलं. त्यानेही पंचवीसच्या घरात गोल केले. वर्षभरात त्यालाही व्हिला क्लबाने नेलं. आता गंमत बघा, वॉटकिन्स गेला सप्टेंबर २०२० मध्ये, आणि त्याच्या जागचा आयव्हन टोनी ऑगस्टअखेर पीटरबरोकडून येऊन बसलासुद्धा होता! म्हणजे गिऱ्हाईक दारात यायच्या आधी घरातली तयारी झालेली. टोनीने त्या मोसमात ३१ गोल मारले आणि ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत गेलं.

लेस्टरचंही तसंच. २०१९ ला बचावपटू मग्वायर ८ कोटी पौंडांना विकला आणि त्याच्या जागी कोणालाही विकत घेतलं नाही, कारण सोयुंजू वर्षभर आधीच येऊन बाकावर बसून शिकत होता. त्या मोसमाच्या सर्वोत्तम अकरांत त्याचं नाव आलं.

तर तुमचा तो १६ वर्षांचा डावखुरा कधीपासून बाकावर आहे, हे मला पहिलं विचारायचंय.

वेंगुर्ल्याचा कोच

दोन वर्षं. आणि खरं सांगतो, त्या दोन वर्षांत मी त्याला सेंटरला एकदाही उभा केलेला नाही. आमचा स्टार होता ना, मग गरजच वाटली नाही. ही चूक माझी आहे, पोराची नाही. पण सर, ब्रेंटफर्डकडे माणसं शोधायला माणसं आहेत. माझ्याकडे १७ पोरं आणि चार बॉल, त्यातला एक शिवून वापरतो.

फातोर्डा पूर्व स्टँड

कोच दादा, एवढ्या लांब इंग्लंडला कशाला जाताय, बांदा ओलांडून गोव्यात या की! मी मूळचा शिरोड्याचा, नोकरीला मडगावात. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा गोल मारणारा कोरो आठवतो ना? २०१७-१८ ला १८ गोल, पुढच्या वर्षी १६, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. त्याचा शेवटचा मोसम २०१९-२०, १४ गोल, आणि गोवा लीगमध्ये पहिला. त्याच्या जागी इगोर अँगुलो आला. त्याने किती मारले? तेही १४! गोल्डन बूटही त्यालाच. आता कोणी म्हणेल, जागा भरली. पण संघ पहिल्यावरून चौथा आला.

त्याचं कारण आमच्या डोळ्यांसमोर घडलं. त्याच उन्हाळ्यात बुमूस, जाहू, मुर्तदा फॉल मुंबई सिटी क्लबात गेले, पुढे गोव्याचा आधीचा कोच लोबेरासुद्धा तिथेच कोच झाला. कोरोला बॉल कुठून यायचा? जाहू मागून लांब टाकायचा, बुमूस मधून सुई ओवल्यासारखा घुसवायचा. सेमीफायनलला गोव्याला त्याच मुंबईने पेनल्टीवर हरवलं, तेही गोव्यातच, बांबोळीला, रिकाम्या स्टँडसमोर. कोरोनामुळे आम्ही घरात टीव्हीपुढे. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या पोराला १३ गोलांसाठी बॉल देणारा कोण होता? तो आहे की तोही गेला?

पायपेटी

मला फुटबॉलातलं फार कळत नाही, माझा झील, म्हणजे मुलगा, खेळतो म्हणून वाचत होतो. आमच्या घरात दशावतार. आजा राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका करायचा, वडील पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम वाजवायचे. एका वर्षी ऐन जत्रांच्या दिवसांत आमचा राजपार्ट करणारा दुसऱ्या मंडळीत गेला. पहिल्या दोन नाटकांत त्याच्याच भूमिकेत दुसऱ्याला उभा केला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, जो तो आपल्या बुद्धीने बोलतो, त्यामुळे तो बिचारा गेलेल्याची नक्कल करायला गेला आणि अडखळला. लोक उठून खाज्यांच्या दुकानाकडे गेले. तिसऱ्या रात्री वडिलांनी आख्यानच बदललं. आमचा स्त्रीपार्ट करणारा फार तयारीचा होता, त्याच्यावर उभं राहील असं आख्यान लावलं. पहाटे दहीकाल्यापर्यंत माणूस हललं नाही.

कोचानू, तुमच्या त्या उंच पोराक गेलेल्या पोरासारखो पळाक लावू नका. तेका जमता ता करूंदे.

नोंदणीवाला

फोन आला नाही, त्याबद्दल दोन शब्द. वाईट वाटणं साहजिक आहे, पण तुमच्या क्लबची आणि पोरांची नोंदणी झालेली आहे का? महाराष्ट्रात हे विफाच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या अखत्यारीत येतं. फिफाचा नियम असा की परदेशी क्लबाने पैसे मोजून खेळाडू घेतला, तर त्या रकमेतला ५ टक्के हिस्सा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटून मिळतो. पण कागदावर नाव असेल तर. मळ्यातल्या सात वर्षांची नोंद कुठेच नसेल, तर फिफाच्या लेखी ती वर्षं झालीच नाहीत. गेलेल्यासाठी आता उशीर झाला असेल, पण १६ वर्षांच्या त्या डावखुऱ्याचे कागद याच महिन्यात करा. पोरगं किती वर्षांचं असताना तुमच्याकडे आलं, ते तारखेसकट लिहा.

वेंगुर्ल्याचा कोच

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण वही घेऊन बसलो होतो. फातोर्डावाल्या भावाच्या प्रश्नाने झोप उडवली.

१३ गोल फोडून बघितले. ४ कॉर्नरवर, डोक्याने, पुढच्या पोस्टला. ३ समोरच्या बॅकच्या पायातून बॉल हिसकावून. २ पेनल्टी. आणि लांब बॉलवर पळून जाऊन केलेले फक्त ४. मी मात्र इतके दिवस त्या चार गोलांसाठीच माणूस शोधत होतो! कॉर्नरचे चारही बॉल आमच्या राइट हाफने मारलेले, आणि तो इथेच आहे, त्याच्या बापाची होडी आहे, तो कुठे जाणार नाही.

मग काल रात्री गोव्याला पोराला फोन केला. त्याला विचारलं, कॉर्नरला तुला कसं कळायचं कधी धावायचं? तो म्हणाला, "सर, तो बॉल पुढच्या पोस्टला मारणार असेल तर आधी डावा मोजा वर ओढतो. सवय आहे त्याला. मोजा ओढला की मी निघायचो." दोन वर्षं मी रेषेबाहेर उभा राहून ते बघत होतो आणि मला दिसलं नाही. राइट हाफला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं.

आज सकाळी ओहोटीला पोरांना घेऊन समुद्रावर गेलो. वाळूवर आम्ही अनवाणी खेळतो, म्हणून राइट हाफला डाव्या पायात एक मोजा घालून यायला सांगितलं होतं. उंच पोराला म्हटलं, बॉलकडे बघू नको, मोज्याकडे बघ. पहिले तीन कॉर्नर वाया गेले, एकदा तर दोघे-तिघे एकमेकांवर आपटले. मग जमायला लागलं. दहांतले तीन त्याने डोक्याने आत घातले, आणि तेवढे करताना त्याला पाच पावलांपेक्षा जास्त पळावं लागलं नाही. डावखुऱ्याला फक्त एकच काम दिलं, समोरच्या बॅकला बॉल मिळाला की त्याच्या अंगावर जायचं. गोल मारायचं ओझं काढून घेतल्यावर त्याने दोन बॉल हिसकावले आणि एक मारलासुद्धा. पेनल्टी कोण मारणार ते अजून ठरलेलं नाही, आमचा गोलकीपर मागे लागलाय.

उद्या सुट्टी टाकून नोंदणीच्या कागदांना लागतो. मळ्यातलं भात पिवळं पडलंय, पंधरा दिवसांत कापणी.