मदत हवी आहे: टोंगाच्या थराखालचं कॅलिप्सोचं कॅलिब्रेशन

नमस्कार मंडळी. कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडारची (लेझरचे झोत सोडून परत आलेला प्रकाश मोजणारं उपकरण) २०२२ मधली रात्रीची नोंद तपासते आहे आणि एका जागी अडले आहे.

५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचं कॅलिब्रेशन (म्हणजे सिग्नलला ज्या गुणांकाने भागायचं तो ठरवणं) पूर्वी ३० ते ३४ किमी उंचीच्या पट्ट्यात व्हायचं. तिथे हवा स्वच्छ आहे असं गृहीत धरायचं. पण उष्ण कटिबंधात तिथेही थोडे एरोसोल (हवेतले सूक्ष्म कण) असतात. मग गुणांक फुगतो आणि खालचं सगळं बॅकस्कॅटर (मागे परतलेला प्रकाश) कमी दिसतं. म्हणून डेटाच्या चौथ्या आवृत्तीत पट्टा ३६ ते ३९ किमीवर नेला. तिथे सिग्नल फार क्षीण, त्यामुळे बऱ्याच कक्षांची सरासरी घ्यावी लागते. मला हा निर्णय योग्यच वाटतो.

१५ जानेवारी २०२२ च्या हुंगा टोंगा उद्रेकाचा लोट सुमारे ५७ किमीपर्यंत गेला. नंतर त्यातल्या एरोसोलचा मुख्य थर २५ किमीच्या आसपास राहिला, म्हणजे कॅलिब्रेशनच्या पट्ट्याच्या बराच खाली. तेव्हा ५३२ बद्दल फारशी चिंता नाही. खरी अडचण लायडारच्या दुसऱ्या, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीची आहे. तिचं कॅलिब्रेशन सिरस (उंचावरच्या बर्फकणांच्या) ढगांवरून, ५३२ शी तुलना करून होतं, आणि हे ढग थराच्या खाली! थर दोन्ही तरंगलांबींना सारखाच क्षीण करत नाही, मग ती चूक थेट १०६४ च्या गुणांकात शिरणार ना?

थराची द्विमार्गी पारगम्यता (जाता-येता थरातून पार होणारा प्रकाशाचा अंश) आधी काढून मग सिरसचं गुणोत्तर घ्यावं, की टोंगाच्या अक्षांशातले ढगच वगळावेत? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आलेखही पाठवते.