मदत हवी आहे: कंपोस्टेबल फूड रॅप खरंच कुजतो का? डब्यात तसाच सापडला

लोकहो, एक शंका आहे. आधी कुणी विचारली असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडली नाही.

उरलेलं अन्न, कापलेली फळं वगैरे झाकायला आम्ही साधी क्लिंग फिल्म बंद करून वनस्पतीपासून बनवलेला रॅप आणायला लागलो. खोक्यावर हिरवं पान, 'प्लांट बेस्ड', 'कंपोस्टेबल', सगळं ठळक अक्षरात. वापरून झाला की ओल्या कचऱ्याबरोबर कंपोस्टच्या डब्यात टाकत होते. परवा खालचं तयार खत काढून चाळलं तर देठं, सालं सगळ्याचं काळं भुसभुशीत खत झालंय आणि मधेमधे हे रॅपचे तुकडे! पांढरट पडलेत, ओढले तर चटकन फाटतात, पण आहेत. एक तर गोळा होऊन बसला होता, उलगडून बघितला तर आतून कोरडा आणि जवळपास नव्यासारखा.

कंपनीला मेल केली तर 'योग्य परिस्थितीत विघटन होते' एवढंच एक वाक्य आलं, आता योग्य परिस्थिती म्हणजे काय हे मी कुणाला विचारायचं? हे प्लास्टिकच आहे का वेगळ्या नावाचं? आणि ते बारीक तुकडे असलेलं खत कुंड्यांना घातलं तर चालेल का? अर्धा रोल अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद:
खोक्याच्या मागे बघा ईएन १३४३२ (युरोपचं) किंवा एएसटीएम डी६४०० (अमेरिकेचं) असं काही स्टँडर्ड छापलंय का. असेल तर रॅप खोटा नाही, फक्त तो तुमच्या डब्यासाठी बनवलेलाच नाही. ही दोन्ही स्टँडर्ड्स मोठ्या कंपोस्ट प्लांटसाठी आहेत, जिथे ढीग आठवडेच्या आठवडे ५५-६० अंशांवर तापलेला असतो. लॅबमध्ये साधारण ५८ अंशांना ठेवून बघतात, सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. शिवाय तुकडे होण्याची अट वेगळी, १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. घरच्या डब्यात एवढी उष्णता कुठून येणार, ढीग साधारण एक मीटर लांब-रुंद-उंच असल्याशिवाय ऊब धरूनच ठेवत नाही.

घरगुती कंपोस्टसाठी सर्टिफिकेटच वेगळं असतं. 'ओके कंपोस्ट होम' (टीयूव्ही ऑस्ट्रिया ही तपासणी संस्था देते), ऑस्ट्रेलियाचं एएस ५८१०, फ्रान्सचं एनएफ टी५१-८००. त्यात २० ते ३० अंशांना आणि १२ महिन्यांच्या आत, असा हिशोब असतो. म्हणजे या सर्टिफिकेटवालाही तुमच्या भाजीच्या देठाच्या वेगाने जाणार नाहीच.

प्रतिसाद:
सगळी धूळफेक आहे हो. हिरवं पान छापायला काय लागतं. प्लास्टिक ते प्लास्टिकच.

धागाकर्ती:
पहिल्या प्रतिसादाबद्दल आभार. खोकं शोधून काढलं (नशीब टाकलं नव्हतं). समोर एवढं मोठं 'कंपोस्टेबल' आणि 'इंडस्ट्रियल कंपोस्टिंग फॅसिलिटीमध्ये' हे कुठे, तर बारकोडच्या खाली, चष्मा लावूनही वाचवत नाही अशा अक्षरात. खाली ईएन १३४३२ आहे. पण मग प्लांट बेस्ड असूनही कुजत का नाही, वनस्पती तर सगळ्या कुजतात ना?

प्रतिसाद:
माझं काम पॅकेजिंग मटेरियलच्या टेस्टिंगशी संबंधित आहे म्हणून थोडं लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या. कशापासून बनवलं आणि पुढे त्याचं काय होतं या दोन गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवतात, ते शंभर टक्के वनस्पतीचं असलं तरी रेणू साध्या पिशवीतलाच, कुजायचं नावच घेत नाही. उलट पीबीएटी नावाचं पॉलिमर मुख्यतः खनिज तेलापासून येतं आणि तरी सूक्ष्मजीव ते खातात. ताणल्या जाणाऱ्या कंपोस्टेबल रॅपमध्ये पीबीएटी बऱ्याचदा असतंच, कारण मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं ते पीएलए एकटं कडक आणि ठिसूळ, भांड्याच्या कडेला चिकटून बसणार नाही.

आता पीएलएची गंमत अशी की सूक्ष्मजीव त्याला सुरुवातीला फारसे तोंडच लावत नाहीत. आधी पाण्याने त्याच्या लांब साखळ्या तुटायला लागतात आणि ते नीट घडतं ५५-६० अंशांच्या पुढे, तिथे त्याचा कडकपणा जाऊन पाणी आत शिरतं. त्याच्या खाली साखळ्या इतक्या सावकाश तुटतात की वर्षानुवर्षं फरक दिसत नाही. तुमचा रॅप पांढरट झाला, फाटायला लागला म्हणजे मिश्रणातला स्टार्च वगैरे सोपा भाग गेला असावा आणि चिवट भाग उरला. गोळा कोरडा राहिला कारण आत पाणी पोचलंच नाही, हवा पोचली नाही, मग कोण कुजवणार?

धूळफेक म्हणणाऱ्यांना: पूर्ण सहमत नाही, पण रागाचं कारण समजतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सामान्य लोकांकडून त्यांच्या घरच्या कंपोस्टमध्ये प्रयोग करवून घेतला होता, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. होम कंपोस्टेबल सर्टिफिकेट असलेल्या प्लास्टिकपैकीसुद्धा ६० टक्के पूर्ण विरलं नाही. लॅबमध्ये ओलावा, तापमान सगळं धरून ठेवलेलं असतं, घरचा डबा कधी सुका कधी चिखल. खरी धूळफेक 'ऑक्सो-डिग्रेडेबल' म्हणून विकतात त्यात आहे, ते साधंच प्लास्टिक, वर तुकडे पडावेत म्हणून रसायन घातलेलं. युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात त्यावर बंदीच घातली.

प्रतिसाद:
वरच्यांनी चांगलं लिहिलंय. एक भर, तुकडे दिसेनासे झाले म्हणजे कुजलं असं धरून चालू नका. दिसत नाही इतके बारीक झाले आणि रेणू तसाच राहिला असंही होऊ शकतं, म्हणून तर चाचणीत कार्बन डायऑक्साइड मोजतात.

धागाकर्ती:
बापरे, म्हणजे चाळणीतून खाली गेलेलं पण सुरक्षित नाही का? आणि मग हा रॅप टाकायचा कुठे, प्लास्टिकच्या रिसायकलमध्ये देऊ का?

प्रतिसाद:
रिसायकलमध्ये अजिबात नको! साध्या प्लास्टिकच्या लॉटमध्ये हे मिसळलं की माल खराब होतो, आणि अन्न लागलेली पातळ फिल्म तसंही कुणी घेत नाही. तुमच्याकडे ओला कचरा मोठ्या प्लांटला जात असेल तर आधी विचारा की रॅप चालतो का, कारण बरेच प्लांट साधं की कंपोस्टेबल हे ओळखता येत नाही म्हणून सगळंच वेचून बाजूला काढतात. तशी सोय नसेल तर सुका कचरा, दुसरा इलाज नाही. डंपिंगच्या ढिगात हवा नसते, तिथे पीएलए जवळपास पडून राहतं आणि स्टार्चसारखं जे कुजतं त्यातून मिथेन निघतो, त्यामुळे तिथे गेल्यावर कंपोस्टेबल असण्याचा काही फायदा नाही.

खताचं म्हणाल तर घाबरून फेकू नका. ईएन १३४३२ मध्ये जड धातूंवर मर्यादा असते आणि तयार खतात बी रुजवूनही बघतात, म्हणजे विषारी काही मिसळलंय असं नाही. फक्त ती चाचणी पूर्ण कुजलेल्या मालावरची आहे, अर्धवट तुकड्यांवरची नाही. मी असते तर परत एकदा चाळून, दिसतील ते वेचून खत फुलझाडांना घातलं असतं, पालेभाजीला नसतं घातलं.

धागाकर्ती:
ओके, उद्या परत चाळते. राहिलेला अर्धा रोल जपून ठेवून उपयोग आहे का? की नवा घेताना होम कंपोस्टवाला बघू?

प्रतिसाद:
जपून ठेवू नका, हे रोल दमट जागी पडून पडून ठिसूळ होतात, वापरून संपवा. गरम अन्नावर मात्र लावू नका, पीएलए असेल तर साठेक अंशांना मऊ पडतं. नवा घ्यायचा तर होम सर्टिफिकेटचा लोगो आणि त्याच्याजवळ छापलेला नंबर बघा, नुसतं 'इको' लिहिलेलं सोडून द्या. डब्यात टाकताना हाताएवढे तुकडे करून, ओले करून, पसरून टाका, गोळा नको. हवं तर एक पट्टी जाळीच्या पिशवीत घालून मधोमध पुरा, शेजारी तशाच पिशवीत एक सुकं पान पुरा, खत उलथताना दोन्ही काढून बघत जा. पान गेलं आणि पट्टी तशीच, तर तुमच्या डब्याला तो रॅप झेपत नाही. पान पण तसंच असेल तर दोष रॅपचा नाही, डब्यात पाणी शिंपडा.

आणि झाकायचंच असेल तर झाकणाच्या डब्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही :)