रोमन काळातले ख्रिस्ती हुतात्मे: सरकारी कागद काही उरलाय का?

कसबेकर: नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा वाचनगट रविवारी संभाजी बागेत भरतो. परवा हुतात्म्यांच्या कथा वाचल्या. सिंह, चिता, क्रूर अधिकारी, सगळ्यांचा साचा एकच. त्यावरून जुंपली. एकाचं म्हणणं, हे सगळं भक्तांनी मागाहून रचलेलं. मला पटत नाही, पण पुरावा काय दाखवू?

निवृत्त शिरस्तेदार: कसबेकर, चक्क पंचनामा आहे. माझी उभी हयात कोर्टाच्या दप्तरात गेली, म्हणून तो मला कुठल्याही कथेपेक्षा खरा वाटतो.

तारीख १९ मे ३०३. गाव सिर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन. रोमन बादशहा डायोक्लेशियनचा हुकूम सुटलेला: ख्रिस्त्यांची प्रार्थनाघरं पाडा, धर्मग्रंथ जाळा. नगराचा कारभारी मुनाशियस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमत त्या घरी जातो आणि मुद्देमालाची यादी करायला लागतो. सोन्याचे पेले २, चांदीचे ६. बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६. बायकांच्या पायताणांचे जोड ४७, पुरुषांचे १३. गोरगरिबांना वाटायला ठेवलेले असावेत.

मग ग्रंथ. तिथला बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, पॉल म्हणतो, ते वाचकांकडे, म्हणजे प्रार्थनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांकडे असतात. वाचक कोण? तुम्हाला माहीतच आहेत की! मार्कुक्लियस आणि कॅटुलिनस हे दोन उपडीकन, म्हणजे खालच्या पायरीचे चर्चसेवक, मात्र ठणकावतात, आम्ही फितूर नाही, हे उभे आहोत, मारा. फेलिक्स त्यांना अटकेत टाकतो आणि वाचकांच्या घरोघर जातो. कोडेओ नावाचा एक घरी नाही. त्याची बायको ६ ग्रंथ काढून देते. तरी झडती होतेच. बोस नावाचा सरकारी गुलाम सांगतो, शोधलं, आणखी काही नाही. आमचे बेलिफ असंच लिहून आणायचे.

मुठाकाठ: काका, यात मेलं कोण? सगळ्यांनी तर मुकाट्यानं देऊन टाकलं.

निवृत्त शिरस्तेदार: तीच तर पुढच्या भांडणाची मेख. छळ संपला, ख्रिस्त्यांच्या बाजूचा बादशहा कॉन्स्टंटाइन आला, आणि ग्रंथ देणाऱ्यांच्या हातचे संस्कार चालायचे नाहीत म्हणून आफ्रिकेतले डोनॅटिस्ट वेगळे झाले. सिर्ताचा बिशप सिल्व्हानस त्यांच्यातला. त्याचं स्वतःच्याच एका डीकनशी, नुंदिनारियसशी, वाजलं आणि ३२० साली प्रकरण राज्यपाल झेनोफिलसपुढे उभं राहिलं. व्हिक्टर नावाचे व्याकरणाचे मास्तर साक्षीला आले. म्हणाले, मी तर डोंगरात पळालो होतो. तेव्हा १७ वर्षांपूर्वीचा हाच पंचनामा वाचला गेला. मास्तरांनी ग्रंथ दिल्याची नोंद हजर! आणि सिल्व्हानस, तेव्हाचा उपडीकन, त्यानं पिंपामागून चांदीचा दिवा काढून दिलेला. छळासाठी लिहिलेला कागद छळ झालेल्यांनी एकमेकांवर चालवला, म्हणून तर तो टिकला.

मेलं कोण विचारता, तर ३१७ पासून कॉन्स्टंटाइनच्या सैनिकांनी कार्थेजमध्ये डोनॅटिस्टांना मारलं. त्यांनी ते आपले हुतात्मे मानले. ३२१ ला बादशहानं हात आवरता घेतला. पुढे डोनॅटिस्टांच्या विरोधातल्या बिशप ऑगस्टिननं उत्तर काढलं, हुतात्मा शिक्षेनं होत नाही, कारणानं होतो. बरोबर आहे, पण तोवर हुकूमनामे त्याच्या बाजूनं निघत होते, हे मी समासात लिहीन.

गंजपेठी: आमच्या पुण्यातल्या पंचहौद मिशनमधला १८९० चा चहा आठवला. ख्रिस्ती मिशनमध्ये चहाला गेलेल्यांची नावं गोपाळराव जोशांनी ‘पुणेवैभव’ वर्तमानपत्रात छापून आणली आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं.

निवृत्त शिरस्तेदार: तिथे जीव गेला नाही कुणाचा. पण यादी छापणारा माणूस दोन्हीकडे आहे, खरं.

कसबेकर: काका, पाठ करतोय. बायकांच्या पायताणांचे जोड ४७ की ७४?

निवृत्त शिरस्तेदार: ४७. आणि तेरा पुरुषांचे विसरू नका.