मदत हवी आहे: स्वीडिश मीटबॉल्सचा क्रीम सॉस, पण गोमांसाच्या स्टॉकशिवाय

नमस्कार. स्वीडनमध्ये मीटबॉल्स परतल्यावर त्याच पॅनमध्ये, तळाची खरपूड तशीच ठेवून, लोण्यात मैदा परततात आणि त्यात गोमांसाचा स्टॉक, क्रीम व किंचित सोया सॉस घालून जो तपकिरी सॉस करतात, तो मला चिकनच्या मीटबॉल्ससोबत करायचा आहे. चिकन स्टॉक वापरल्यास सॉस फिकट आणि मिळमिळीत होतो. सोया सॉस वाढवला, की रंग येतो पण खारटपणाही वाढतो. त्यासाठी मैदा बदामी होईपर्यंत भाजावा, की कांदा लाल परतून घालावा? शिवाय आपल्याकडे सहज मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम फाटू नये म्हणून नेमके केव्हा घालावे? तिकडे मीटबॉल्ससोबत लिंगनबेरी या लाल रानफळाचा आंबटगोड जॅम देतात, त्याऐवजी करवंदाचा जॅम शोभेल असे वाटते. कोणी करून पाहिले असल्यास कृपया सांगावे.