खोलीची फरशी खचतेय, भिंतीला ओल: मदत हवी आहे

परभणीजवळ काळ्या जमिनीवरचं आमचं घर. मागच्या खोलीची फरशी न्हाणीच्या बाजूने खचलीय. ठोकली की पोकळ वाजते, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट. त्याच भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल, रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा. भिंतींना तडे मात्र नाहीत, म्हणजे पाया शाबूत असावा, फरशीखालची भरणीच बसली असावी.

गवंडी म्हणतो, वरून कोबा टाकू. मला पटत नाही, खालची पोकळी तशीच राहणार ना! फरशी काढून मुरूम थराथराने, पाणी मारून धुमसावा की सिमेंट ग्राउटिंग (पोकळीत पातळ सिमेंट भरणं) पुरेल? न्हाणीचा पाइप गळतोय का, हे न फोडता कसं तपासायचं? जोत्याला डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नसेल तर भिंतीत रसायन सोडायचा इंजेक्शनचा उपाय खरंच टिकतो का? अनुभवी लोकांनी खर्चासकट सांगा.